आतल्या चाकाचा आवाज

मित्रांनो, मी एक जुनी, वाकलेली टामी आहे. टामी म्हटले की काही मुलांना कुत्रा आठवतो. मी कुत्रा नाही. मी हातभर लांबीचा लोखंडी दांडा आहे. माझे एक टोक चपटे आहे, दुसरे गोल. ट्रकच्या चालकाच्या सीटखाली माझी जागा असते. टायर उचकटायचा असो, अडकलेला खिळा काढायचा असो किंवा दार उघडत नसो, मला हाक मारतात. पण माझे रोजचे काम वेगळे आहे. गाडी निघण्याआधी चालक मला हातात घेतो, गाडीभोवती एक फेरी मारतो आणि प्रत्येक चाकावर माझा एक फटका घालतो.

मारणे हाच माझा धंदा. मी आयुष्यभर दुसरे काही केलेले नाही.

हवा भरलेले चाक मला उलट उडवते. टण्ण. हवा कमी असलेले चाक मला धरून ठेवते. थप्प. टण्ण म्हणजे जा. थप्प म्हणजे थांब. एवढीच माझी भाषा आहे.

मी तुम्हाला माझी गोष्ट त्या फेरीसारखीच सांगणार आहे, एकेका चाकाने. आमच्या गाडीला सहा चाके होती. पुढे दोन, मागे चार. मागची चाके दोन्ही बाजूंना जोडीजोडीने, एक बाहेर आणि एक त्याच्या आड. आडचे चाक दिसत नाही, फक्त ऐकू येते. माझ्या गोष्टीत अशीच एक वेळ आली. गाडीतली दोन माणसे एकमेकांशी बोलत नव्हती आणि आडचे एक चाक बोलत होते. त्या दोघांपैकी एकाचा जीव त्या चाकावर टांगलेला होता. सहावे चाक येईपर्यंत हे लक्षात ठेवा.

पुढचे डावे

टण्ण.

माझा जन्म एका अपघातातून झाला. एक ट्रक दरीत पडला आणि त्याचा आस मोडला. त्या आसाचा एक तुकडा भंगारातून लोहाराच्या टोपलीत येऊन पडला. तो तुकडा म्हणजे मी.

लोहाराने मला भट्टीत घातले. मी लाल झाले, मग पिवळी. मग त्याने मला चिमट्यात धरून ऐरणीवर ठेवले. त्याच्या हातात एक बारका हातोडा होता आणि समोर त्याची बायको मोठा घण घेऊन उभी होती. तो बारक्या हातोड्याने माझ्यावर जिथे टिचकी मारी, तिथे त्याच क्षणी तिचा घण पडे. टिक, धाड. टिक, धाड. तो एक शब्द बोलत नव्हता. तीही नाही. मला वाटले, या दोघांचे फार सख्य असावे.

मग घण ठेवून ती म्हणाली, "सकाळपासून तोंड वाकडं का केलंय ते सांगाल का आता?"

"तू सांग आधी."

"मी घण मारताना विचारणार होते. मग म्हटलं, नको. एखादवेळी चुकायचा."

लोहार हसला. तीही हसली. म्हणजे भांडण होते आणि तरी घण चुकत नव्हता. कारण टिचकी कुठे पडली की घण कुठे घालायचा, हे त्यांनी भांडणाच्या कितीतरी आधी ठरवून ठेवले होते. तेव्हा मला ही गोष्ट साधी वाटली. फटके खाऊन खाऊन माझे डोके बधिर झाले होते.

शेवटी त्याने मला पाण्यात बुडवले. मी किंचाळले. सगळे लोखंड जन्मताना किंचाळते.

पुढचे उजवे

टण्ण.

मला विकत घेतले ते एका ट्रकच्या चालकाने. गाडीवर दोन चालक होते आणि ते एकमेकांचे साडू होते, म्हणजे दोन सख्ख्या बहिणींचे नवरे. थोरला आडव्या अंगाचा, जाड मानेचा, कानाचा तिखट. धाकटा सडपातळ, त्याच्या खिशाला कायम पेन. थोरला त्याला "अरे साडू" म्हणे आणि धाकटा त्याला "साडूबुवा" म्हणे. बुवा म्हणताना जरा ओढून म्हणे. त्या ओढण्यात अर्धा मान असे आणि अर्धी चेष्टा.

गाडीत एक वही असते. कोण किती तास चालवत होता, कुठे थांबला, निघण्याआधी काय काय तपासले, हे सगळे त्यात लिहायचे असते. थोरल्याला लिहिण्याचा कंटाळा. धाकट्याला चाकांतले काही कळत नसे. म्हणून त्यांनी काम वाटून घेतले होते. थोरला मला घेऊन फिरे, धाकटा वही घेऊन मागे मागे.

टण्ण.

"ठीक," थोरला ओरडे.

"ठीक," म्हणत धाकटा खूण करी.

थप्प.

"ठीक नाही. पडका आवाज आहे."

"पडका आवाज," म्हणत धाकटा त्या चाकापुढे शब्द लिही. मग वही मिस्त्रीकडे जाई. मिस्त्री वाची, हवा भरी किंवा चाक उतरवी, आणि मगच आवाराचे फाटक उघडे.

एकदा तपासणी नाक्यावरच्या अधिकारी बाईंनी ही फेरी पाहिली. बाईंच्या हातात हवा मोजायचा काटा होता.

"आवाज कोणाला कळतो?" त्यांनी विचारले.

"मला," थोरला म्हणाला.

"आणि लिहितं कोण?"

"मी," धाकटा म्हणाला.

"म्हणजे तुम्ही दोघं मिळून एक चालक."

"पगार मात्र दोन घेतो," धाकटा म्हणाला.

बाईंनी काट्याने सगळी चाके पुन्हा मोजली. वहीतले सगळे बरोबर निघाले. "भांडू नका," त्या एवढेच म्हणाल्या आणि पुढच्या गाडीकडे वळल्या.

आत्मवृत्तात कौतुकाचे दिवस असतात ना, ते हे. यापेक्षा जास्त कौतुक माझे झाले नाही.

मागचे उजवे, बाहेरचे

टण्ण.

इथून पुढे मी जे सांगणार आहे त्यात रक्त आहे. ज्यांना नको असेल त्यांनी कान झाका. डोळे झाकून उपयोग नाही, मी ऐकण्याचीच वस्तू आहे.

दोघांचे सासरे आजारी पडले. गाडी दूर होती, माल उतरवून परतीला लागली होती. फोनवर थोरली बहीण, म्हणजे थोरल्याची बायको, म्हणाली, "बाबांचा जीव घुटमळतोय. दोघा जावयांना बघायचंय म्हणतात. या लवकर."

आधी धाकट्याने चालवली. मग थोरला बसला तो उठेचना. धाकटा म्हणाला, "साडूबुवा, आता मला द्या." थोरला म्हणाला, "तुझा पाय हलका आहे, उद्या पोचशील." त्याचे डोळे उघडे होते, पण गाडी मधूनच रेषा सोडून जाई आणि धाकटा स्टिअरिंगला हात घालून तिला परत आणी.

नाका आला. अधिकारी बाईंनी वही मागितली. धाकट्याने थोरल्याचे तास खरे लिहिले होते, स्वतःचेही. बाईंनी आकडे पाहिले, मग दोघांचे डोळे पाहिले आणि किल्ली काढून घेतली.

"झोपा. उठलात की किल्ली मिळेल."

"सासरे चाललेत आमचे," थोरला म्हणाला.

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.

ते झोपले तेव्हा सासरे गेले.

मातीहून परतल्यावर गाडीच्या आवारात थोरल्याने धाकट्याला गाठले. मी त्याच्या हातात होते. तो फेरीला निघाला होता.

"दोन आकडे खोटे लिहिले असतेस तर म्हातारा मला बघून गेला असता."

"आकडे खोटे लिहिले असते तर त्यांच्याआधी आपण गेलो असतो. झोपला होतात तुम्ही, साडूबुवा. डोळे उघडे ठेवून."

"तुझ्या खरेपणाला जाळ."

"जाळा. पण बाबा तुम्हाला मुलगा म्हणायचे, मला जावईच म्हणायचे. मला दुःख नाही झालं होय?"

का कोण जाणे, याच वाक्यावर थोरल्याचा हात उठला. धाकट्याने तोंडावर उजवा हात आडवा धरला. मी त्या हातावर पडले.

मला सवयीने वाटले, चाक आहे, मला उलट उडवेल. हाडाने तसे केले नाही. हाडाने मला आत घेतले. आवाज अगदी बारीक आला. एवढ्या मोठ्या माणसाच्या आत एवढा बारीक आवाज असतो, हे मला माहीत नव्हते. मग त्याच्या मनगटाच्या वर एक नवा कोपरा दिसू लागला आणि त्यातून पांढरे काहीतरी बाहेर आले. धाकटा ओरडला नाही. खिशातले पेन खाली पडले होते, ते तो डाव्या हाताने शोधत राहिला.

थोरली बहीण धावत आली. तिने नवऱ्याच्या हातातून मला हिसकले आणि भिंतीवर फेकून मारले. "बाप गेला, आता बहिणीचा नवराही घालवायचाय का?"

धाकटी बहीण दवाखान्याच्या दारात उभी होती. थोरली जेवणाचा डबा घेऊन गेली तेव्हा ती म्हणाली, "डबा ठेव. आणि तुझ्या नवऱ्याला सांग, एकच हात मोडलाय. दुसरा राहिलाय. सवडीने या म्हणावं."

मागचे उजवे, आतले

टण्ण. ठीक.

या चाकाला गोष्ट नाही. ज्या चाकाला गोष्ट नसते ते चांगले चाक. पुढे चला.

मागचे डावे, बाहेरचे

टण्ण.

धाकट्याचा हात जुळला, पण बोटे ताठ राहिली. स्टिअरिंग धरता येई, पेन धरता येत नसे. डाव्या हाताने तो जेमतेम एक तिरकी खूण करी. वहीत पूर्वी शब्द असत, आता नुसत्या खुणा.

मालक दोघांना समोर उभे करून म्हणाला, "बोलू नका हवं तर. गाडी तुमच्या बोलण्यावर चालत नाही, डिझेलवर चालते."

तसे ते बोललेच नाहीत. पण माणसाला बोलल्यावाचून राहवत नाही, म्हणून ते माझ्याशी बोलू लागले. मला दोघांच्या मध्ये सीटवर ठेवलेले असे.

"टामे, सांग त्यांना, पुढच्या वळणावर रस्ता खराब आहे."

"टामे, सांग त्याला, मी हा रस्ता तो चड्डीत होता तेव्हापासून चालवतोय."

"टामे, विचार, तेव्हा गाड्यांना चाकं असायची का?"

"टामे, सांग, ब्रेक एवढे घासू नये. ब्रेक म्हणजे गालिचा नव्हे, पाय पुसायला."

मी तोंड नसलेली मध्यस्थ. एखाद्या वेळी दोघेही हसू दाबत आणि खिडकीबाहेर बघत. मला वाटे, आज बोलतील. ते बोलत नसत. थोरल्याला माफी मागायची होती, पण ती टामीमार्फत मागता येत नव्हती. ज्या वस्तूने हात मोडला तिलाच कसे सांगणार, की सांग त्याला, चुकलो?

सकाळची फेरी चालू होती. थोरला मला चाकावर मारी. पूर्वी तो "ठीक" म्हणे. आता तो काहीच म्हणत नसे, कारण म्हणायचे तर धाकट्याला म्हणावे लागले असते. धाकटा मागे उभा राहून फटका ऐके आणि खूण करी. चाके चांगली होती तोवर सगळे सुरळीत चालले. सहा फटके, सहा खुणा. पाहणाऱ्याला वाटावे, किती समजूतदार साडू आहेत, शब्दावाचून काम चालते.

मला लोहार आणि त्याची बायको आठवत. टिक, धाड. पण त्यांनी आधी ठरवून घेतले होते. या दोघांनी काहीच ठरवले नव्हते. थोरला समजत होता, आपण आवाज ऐकवतो. धाकटा समजत होता, आपण फटके मोजतो.

मागचे डावे, आतले

थप्प.

मित्रांनो, तो हा आवाज. उन्हाळ्याची सकाळ होती. गाडीत दगडी फरश्या भरलेल्या होत्या, काठोकाठ. थोरल्याने गुडघा टेकून बाहेरच्या चाकाच्या भोकातून मला आत सारले आणि आतल्या चाकावर हाणले. त्या चाकाने मला धरून ठेवले. ओल्या मातीत रुतल्यासारखी मी रुतले.

थोरला थांबला. त्याने मागे वळून धाकट्याच्या बुटांकडे पाहिले. तोंड उघडले. मग मिटले. आणि त्याने मला त्याच चाकावर पुन्हा हाणले, मुद्दाम, जोराने.

थप्प.

म्हणजे त्याने त्याच्या परीने सांगितले. दोनदा ठोकले म्हणजे काहीतरी बिघडले आहे, एवढे कोणालाही कळेल, असे त्याला वाटले.

धाकट्याला वाटले, पहिला फटका नीट बसला नाही, म्हणून दुसरा मारला. त्याने सहावी खूण केली. थोरल्याने त्याचा हात वहीवर हललेला पाहिला आणि त्याला वाटले, लिहिले याने. मिस्त्रीने वही घेतली, सहा खुणा पाहिल्या, वही परत दिली. मग तो हवेची नळी ओढत डाव्या बाजूला गेला. थोरल्याने तेही पाहिले आणि तो निश्चिंत झाला. नळी शेजारच्या गाडीसाठी होती.

फाटक उघडले.

जोडीतले आतले चाक बसले की बाहेरचे चाक दोघांचे ओझे वाहते. सपाट रस्त्यावर कळत नाही. मग घाट लागला. चढताना बाहेरचे चाक तापले, उतरताना आणखी तापले. ऊन डोक्यावर होते. धाकटा चालवत होता.

"टामे," थोरला म्हणाला, "रबर जळतंय का ग कुठे?"

तो खरेच विचारत होता. पण धाकट्याला तो ब्रेकचा जुना टोमणा वाटला. "टामे, सांग," तो म्हणाला, "ब्रेक माझे मी बघतोय."

थोरल्याने तोंड खिडकीकडे वळवले. मी त्या दोघांच्या मध्ये थरथरत होते. माझ्याकडे आवाज होता, पण मला कोणीतरी मारल्याशिवाय तो निघत नाही.

मग बाहेरचे चाक फुटले.

मी घणाचा आवाज ऐकला आहे, हाडाचा ऐकला आहे. हा त्यांच्यासारखा नव्हता. गाडीच्या खालून कोणीतरी तोफ डागली. सोललेली रबराची पट्टी चाबकासारखी फिरली, तिने चिखलपत्रा फाडून नेला आणि ब्रेकची हवेची नळी तोडली. लगेच आतले चाकही फुटले. लोखंडी कडा रस्त्यावर घासू लागली, मागे ठिणग्यांचे शेपूट निघाले. धाकट्याने ब्रेक दाबला. पाय जमिनीपर्यंत गेला, ब्रेक कुठेच नव्हता.

"डोंगराला घे," थोरला ओरडला. "डोंगराला."

कित्येक महिन्यांनी त्याने मला सोडून थेट धाकट्याला सांगितले होते.

धाकट्याने दरीकडची बाजू सोडून गाडी डोंगराच्या दगडी कड्यावर घातली. आरसा गेला. दार सोलले गेले. दगड आणि पत्रा एकमेकांना खात राहिले. मग मागून फरश्या आल्या. केबिनचा मागचा पत्रा फाडून त्या कोयत्यांसारख्या आत घुसल्या. एक माझ्यावरून गेली, एकीने थोरल्याच्या कानाची पाळी नेली. गाडी चालकाच्या बाजूला कलली, पडली, तशीच घसरत गेली आणि थांबली.

धूळ. डिझेलचा वास. मागे चाक धडधडून पेटले होते.

थोरला काच फुटलेल्या भोकातून बाहेर पडला. तोंड रक्ताने माखलेले. त्याचा हात आत चाचपडत आला आणि त्याला मीच सापडले. धाकटा दिसत नव्हता. केबिनचा पत्रा घडी घातल्यासारखा दुमडला होता आणि त्या घडीत कुठेतरी तो होता. माणूस आहे की नुसते शरीर आहे, हे कळायला मार्ग नव्हता.

थोरल्याला एकच काम येत होते. त्याने मला उचलले आणि पत्र्यावर मारले. टण्ण. कान लावला. काही नाही. हातभर पुढे सरकला. टण्ण. काही नाही. आणखी पुढे.

थप्प.

इथे पत्र्याच्या मागे काहीतरी मऊ होते.

"साडू," तो म्हणाला. "अरे साडू. आवाज दे."

काही नाही.

"शिवी दे. टामीला सांग. काय वाटेल ते कर, पण आवाज दे."

आतून फार उशिराने, फार हळू आवाज आला, "ठीक नाही, साडूबुवा. पाय अडकलाय."

थोरला रडला. रडत रडतच त्याने माझे चपटे टोक पत्र्याच्या फटीत घातले आणि अंगाचा सगळा भार माझ्यावर टाकला. पत्रा उघडायला तयार नव्हता. आग मागच्या चाकावरून फळ्यांवर चढली होती. तापलेल्या फरश्या फटाफट तडकत होत्या. मी आसाचे लोखंड आहे, मी सहजी वाकत नाही. मी मधोमध वाकले. वाकता वाकता पत्रा उघडला.

धाकट्याचे डोके दिसले, खांदा दिसला. थोरल्याने काखेत हात घालून त्याला ओढले. कमरेपर्यंत तो आला. उजवे पाऊल ब्रेकच्या दांड्यात चिरडून अडकले होते. थोरल्याने मला तिथे घालून पाहिले. जागा नव्हती. आगीचा भपकारा केबिनमध्ये आला.

"ओढा," धाकटा म्हणाला.

"तुटेल रे."

"तुटू दे. ओढा."

थोरल्याने ओढले. तो आवाज मी ऐकला आहे आणि तो मी तुम्हाला सांगणार नाही. तेवढा एक आवाज माझ्यापाशी राहू द्या.

थोरल्याने आपला सदरा फाडून पाय गुडघ्याखाली आवळला, साडूला पाठीवर घेतले आणि रस्त्याने धावत सुटला. मागे डिझेलची टाकी पेटली. मी त्याच्या मुठीत होते. मला टाकून द्यायचे त्याला सुचलेच नाही.

पुन्हा पुढचे डावे

धाकटा वाचला. पाय गुडघ्याखालून गेला.

अधिकारी बाई दवाखान्यात आल्या. वही जळून गेली होती, म्हणून त्यांनी थोरल्यालाच विचारले. त्याने काही लपवले नाही.

"पडका आवाज आला, तेव्हा म्हणालात काय?"

"दोनदा ठोकलं, बाई."

"ठोकलंत ते कळलं. म्हणालात काय, विचारतेय."

 बाईंनी कागदावर काहीतरी लिहिले आणि लिहिताना त्याला वाचून दाखवले, "चालक काही म्हणाला नाही." त्याने सही केली.

खाटेवरून धाकटा म्हणाला, "बाई, माझंही लिहा. मी विचारलं नाही."

मग त्या दोघांना सोडून बाई बाहेर गेल्या.  कोपऱ्यात भिंतीला मला टेकवले होते. थोरल्याने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, झाले, आता पुन्हा "टामे, सांग". पण त्याने मला उचलून खाटेखाली सरकवले, म्हणजे मी मध्ये नको. आणि साडूचा तो ताठ बोटांचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, "चुकलो रे."

"कुठल्या दिवसाचं म्हणताय?"

"सगळ्या."

धाकटी बहीण दारात उभी होती. ती म्हणाली, "भावोजी, एक हात, एक पाय झाला. उरलेले दोन आम्हाला लागतात घरात." आणि पदराने डोळे पुसत आत आली.

आता मी त्याच आवारात आहे. माझी कंबर वाकलेली आहे. भंगारवाला मला दोनदा मागून गेला. थोरल्याने दिले नाही. वाकलेली असल्यामुळे मी बाहेरच्या चाकाला वळसा घालून थेट आतल्या चाकापर्यंत पोचते, गुडघाही टेकावा लागत नाही. सरळ होते तेव्हा हे मला जमत नसे.

धाकटा फाटकाशी खुर्ची टाकून बसतो, लाकडी पाय पुढे करून. तो आता डाव्या हाताने लिहितो, अक्षर कोंबडीच्या पायासारखे, पण शब्द लिहितो. आवारातली प्रत्येक गाडी त्याच्यापुढून जाते. थोरला मला घेऊन फिरतो.

टण्ण. "ठीक."

"ठीक."

परवा एका गाडीच्या आतल्या चाकाने मला धरून ठेवले.

"ठीक नाही," थोरला ओरडला. "पडका आवाज."

"ठीक नाही. पडका आवाज," धाकट्याने लिहिले.

त्या गाडीचा चालक कुरकुरला, "अहो काका, उशीर होतोय. वाटेत भरून घेतो की हवा."

धाकटा लाकडी पाय पुढे सरकवून म्हणाला, "ठोक जरा यावर."

चालकाने ठोकले नाही. गाडी बंद केली आणि मिस्त्रीला हाक मारली.

मित्रांनो, जुनी वस्तू शेवटी म्हणते, मला जपा, मला टाकू नका. मला जपायची गरज नाही. मी लोखंड आहे. मला आपटा, गंजू द्या, वाकवा. पण मला कशावरही मारलेत तर मारून झाल्यावर क्षणभर थांबा आणि ऐका. आणि जे ऐकू आले ते शेजारच्या माणसाला तोंडाने सांगा. तो तुमच्याशी बोलत नसला तरी सांगा. त्याने तुमचा बाप शेवटचा बघू दिला नसला तरी सांगा. "ठीक" सांगायला विसरलात तरी चालेल. "ठीक नाही" मात्र ओरडून सांगा, आणि समोरून तेच शब्द परत येईपर्यंत जागचे हलू नका.

फाटकापाशी पुढची गाडी येऊन उभी राहिली आहे. थोरला मला घ्यायला येतो आहे. फेरी पुढच्या डाव्यापासून.